२०२३ च्या ऑल-स्टार सामन्यात पहिल्या पाचातील सेंटरची जागा नेमकी कोणाची होती?

दिग्रसचा पाच नंबर (प्रश्न)

नमस्कार. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी २०२६ पासून जागांची अट पूर्णपणे काढून टाकण्यात आली असून, आता ईस्ट आणि वेस्ट या लीगच्या दोन भागांतून, म्हणजे प्रत्येक कॉन्फरन्समधून, कोणत्याही जागेवर खेळणारे पाच जण पहिल्या पाचात निवडले जातात. या बदलामुळे आमच्या गावच्या मुलांमध्ये एक जुना वाद पुन्हा उकरला गेला आहे आणि तो मिटण्याची चिन्हे दिसत नसल्यामुळे जाणकारांसमोर मांडत आहे.

वाद २०२३ च्या ईस्ट कॉन्फरन्सचा आहे. त्या वर्षी फ्रंटकोर्टच्या (फॉरवर्ड आणि सेंटर यांच्या) तीन जागांवर यानिस आंतेतोकुंपो, केविन ड्युरंट आणि जेसन टेटम निवडले गेले आणि फिलाडेल्फियाचा सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) जोएल एम्बिड, जो २०१८ पासून २०२२ पर्यंत सलग पाच वर्षे पहिल्या पाचात निवडला गेला होता, तो राखीव खेळाडूंत ढकलला गेला. पुढे हंगाम संपला तेव्हा सामन्यामागे ३३.१ गुणांच्या सरासरीने सर्वाधिक गुण करणारा खेळाडू तोच ठरला आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा, म्हणजे एमव्हीपीचा, मानही त्यालाच मिळाला. ज्याला संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक दिला गेला, तो आपल्या अर्ध्या लीगमधील पहिल्या पाचात बसत नाही, हे गणित आमच्या मुलांना पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही.

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती दुबळी नाही. त्या हंगामात यानिसची सरासरी ३१.१ गुण आणि ११.८ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) अशी होती. टेटमने ३०.१ गुणांची सरासरी राखली आणि मतदानाच्या काळात त्याचा बोस्टन संघ लीगमध्ये आघाडीवर होता. ड्युरंट ब्रुकलिनकडून खेळताना तीसच्या आसपास गुण करत होता, मात्र ८ जानेवारीला, मतदान सुरू असतानाच, त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्यानंतर तो ब्रुकलिनकडून खेळलाच नाही. माझे मत असे आहे की एम्बिडची जागा ड्युरंटकडे गेली आणि ती जायला नको होती.

मात्र माझा मूळ प्रश्न याहून थोडा मोठा आहे. २०१२ पर्यंतच्या मतपत्रिकेवर दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर अशी स्पष्ट विभागणी होती. २०१३ च्या सामन्यापासून सेंटरचा स्वतंत्र रकाना गेला आणि त्याला फॉरवर्डांच्या रांगेत उभे करण्यात आले. तो रकाना राहिला असता तर एम्बिडची निवड कोणत्याही चर्चेविना झाली असती. मग सेंटरसाठी जागा राखून ठेवणे योग्य होते की नव्हते? आमच्याकडे जो मुलगा इतरांपेक्षा चार बोटे उंच असतो त्याला न विचारता रिंगखाली उभे केले जाते आणि पुढे गुणलेखकाच्या वहीत त्याचे नाव सगळ्यांत कमी वेळा येते, म्हणून या प्रश्नात आमच्या संघातील उंच मुलांना विशेष रस आहे, हेही नमूद करतो.

आर्वीचे क्रीडाशिक्षक

प्रश्न चांगला आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एम्बिडवर अन्याय झाला का, हा एक प्रश्न आणि सेंटरला राखीव जागा असावी का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, थोडासा’ असे आहे, तर दुसऱ्यावर मी बराच काळ विचार करत आलो आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहितो.

आधी निवडीची पद्धत पाहू, कारण अनेकांना अजूनही असे वाटते की केवळ प्रेक्षकांची मते मोजली जातात. २०१७ पासून प्रेक्षकांच्या मतांना ५० टक्के, खेळाडूंच्या मतांना २५ टक्के आणि पत्रकारांच्या मतांना २५ टक्के वजन दिले जाते. यात मतांची संख्या थेट जोडली जात नाही, तर प्रत्येक गटातील क्रमांक जोडला जातो. प्रेक्षकांमधील क्रमांकाची दुप्पट, त्यात इतर दोन गटांतील क्रमांक मिळवायचे आणि बेरजेला चारने भागायचे. समजा एखादा खेळाडू प्रेक्षकांमध्ये चौथा आणि इतर दोन्ही गटांत दुसरा आला, तर त्याचे गुण तीन होतात. दुसरा एखादा प्रेक्षकांमध्ये दुसरा आणि इतर दोन्ही गटांत चौथा आला, तरी त्याचेही गुण तीनच होतात, आणि अशी बरोबरी झाली की प्रेक्षकांचा क्रमांक निर्णायक ठरतो. चार तुल्यबळ खेळाडू तीन जागांसाठी उभे असताना अशा पद्धतीत एक जण बाहेर राहणारच आणि तो कोण असेल हे केवळ गुणांच्या सरासरीवरून सांगता येत नाही. म्हणून ‘अन्याय’ हा शब्द मी जपून वापरतो. एम्बिडने त्या हंगामात दर सामन्यात अकरांहून अधिक फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) मिळवले आणि त्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक बास्केटमध्ये टाकले. सात फुटी खेळाडूकडून अशी अचूकता क्वचितच पाहायला मिळते आणि प्रतिस्पर्धी संघाच्या सेंटरला त्यामुळे फाउलच्या भीतीने बाकावर जाऊन बसावे लागते. हा लाभ संघाला मिळतो, पण मतदाराच्या नजरेत तो भरत नाही. माझ्या मते ड्युरंटच्या दुखापतीनंतर ही एक गोष्ट पारडे एम्बिडकडे झुकवण्यास पुरेशी होती.

आता राखीव जागेबद्दल. या चर्चेसाठी २०२३ पेक्षा २००३ चा सामना अधिक उपयोगी आहे, कारण त्या एकाच सामन्यात राखीव जागेचे फायदे आणि तोटे दोन्ही समोर आले होते. ईस्टकडून डेट्रॉईटचा बेन वॉलेस सेंटर म्हणून पहिल्या पाचात आला. त्या हंगामात त्याची सरासरी केवळ ६.९ गुणांची होती! मात्र त्याने सामन्यामागे १५.४ रिबाउंड आणि ३.२ ब्लॉक (हवेत अडवलेल्या फेकी) नोंदवले होते आणि त्याच्या बचावावरच तो संघ उभा होता. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणत्याही संघाने न निवडलेला हा खेळाडू प्रेक्षकांच्या मतांवर पहिल्या पाचात पोहोचला, याचे कारण मतपत्रिकेवर सेंटरचा वेगळा रकाना होता आणि त्या रकान्यात सेंटरची तुलना सेंटरशीच होत होती.

याउलट आजच्या काळातील रूडी गोबेरकडे पाहा. २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ असा चार वेळा तो लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला, परंतु ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीनच वेळा झाली आणि तीही प्रत्येक वेळी राखीव म्हणून. २०१९ आणि २०२४ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू असूनही बारा जणांच्या यादीतसुद्धा नव्हता. सेंटरचा रकाना गेल्यानंतर सेंटरची किंमत गुणांवरून ठरू लागली, असे मी म्हणतो ते यामुळेच. एम्बिड किंवा निकोला योकिच यांच्यासारखे सेंटर फॉरवर्डांच्या बरोबरीने गुण करतात म्हणून त्यांची नावे तरी चर्चेत येतात. वॉलेससारख्या खेळाडूला आजच्या पद्धतीत कोणी विचारणारही नाही.

तरीही राखीव जागा परत आणावी, असे मी म्हणणार नाही. २००४ मध्ये ईस्टच्या बदली खेळाडूंत एक सेंटर हवा होता म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या जमाल मॅग्लॉयरची निवड झाली. हंगामातील त्याची सरासरी १३.६ गुणांची होती आणि त्याच्याहून सरस म्हणता येतील असे काही गार्ड आणि फॉरवर्ड घरी बसले. खेळाडू मेहनती होता यात शंका नाही, परंतु चांगल्या सेंटरांचा दुष्काळ असलेल्या वर्षी राखीव जागा ही अशा निवडीला वाट करून देते.

वेणा काठचा प्रेक्षक, हिंगणघाट

सरांनी पद्धत फार स्पष्टपणे समजावून सांगितली. परंतु २०२३ चाच विचार करायचा असेल तर सर्वांचे लक्ष चुकीच्या कॉन्फरन्सकडे लागले आहे, असे मला वाटते. एम्बिड ज्यांच्यामुळे मागे राहिला ते तिघेही निर्विवाद मोठे खेळाडू होते. वेस्टमध्ये काय झाले ते पाहा. तिथे फ्रंटकोर्टमधून लेब्रॉन जेम्स, निकोला योकिच आणि न्यू ऑर्लिन्सचा झायन विल्यमसन निवडले गेले. झायनची सरासरी २६ गुणांची होती हे मान्य, परंतु २ जानेवारीला त्याला दुखापत झाली आणि त्या संपूर्ण हंगामात तो केवळ २९ सामने खेळला. त्याच वेळी सॅक्रामेंटोचा सेंटर डोमांटास सबोनिस जवळपास रोज मैदानात उतरत होता. हंगामाअखेर त्याच्या नावावर सामन्यामागे १९.१ गुण, १२.३ रिबाउंड आणि ७.३ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) होते. रिबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता आणि सेंटरने सातहून अधिक असिस्ट देणे ही त्या हंगामात योकिच सोडला तर कोणालाही न जमलेली गोष्ट होती. सलग सोळा हंगाम प्लेऑफपासून (हंगामाअखेरच्या बाद फेरीपासून) दूर राहिलेला सॅक्रामेंटोचा संघ त्या वर्षी ४८ सामने जिंकून वेस्टमध्ये तिसरा आला.

सबोनिसचे काम नीट पाहायचे असेल तर चेंडूकडे न पाहता त्याच्याकडे पाहावे लागते. फ्री थ्रोच्या रेषेजवळ तो चेंडू घेऊन उभा राहतो, गार्ड त्याच्या अंगाला घासून जातो, तो चेंडू हातात देतो आणि त्याच क्षणी स्क्रीन लावून बचावपटूची वाट अडवतो. बास्केट गार्डच्या नावावर लागते. कधी असिस्ट मिळतो, कधी तोही मिळत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, तो पुन्हा रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला आणि हंगामाअखेर लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात त्याची निवडही झाली, पण ऑल-स्टारच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते.

आता एक अडचण सांगतो, जी आपल्याकडच्या मतदारांना लागू होते आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. फिलाडेल्फिया किंवा बोस्टनचा संध्याकाळी सातचा सामना जानेवारीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला ओलित करून परतलेला माणूस चहा घेता घेता तो मोबाईलवर पाहू शकतो आणि मुलांनाही शाळेपूर्वी दोन-तीन क्वार्टर मिळतात. सॅक्रामेंटोचा घरचा सामना मात्र सकाळी साडेआठला सुरू होतो. त्या वेळी कापूस वेचणीला माणसे निघालेली असतात, मुले शाळेच्या वाटेवर असतात. परिणामी आपल्या गटात एम्बिडचे पंधरा चाहते आहेत आणि सबोनिसचा मी एकटा. अमेरिकेत घड्याळ उलटे असले तरी गोष्ट हीच घडते. पूर्व किनाऱ्यावरचा प्रेक्षक, आणि बहुधा पत्रकारही, सॅक्रामेंटोचा दुसरा अर्धा भाग सुरू होईपर्यंत झोपी गेलेला असतो. ज्याचा खेळ लोकांनी पाहिलाच नाही त्याला लोक मत कसे देणार? त्यातही चमकदार डंक मारणारा खेळाडू दोन मिनिटांच्या चित्रफितीतून सकाळी नऊ वाजताही दिसतो, स्क्रीन लावणारा दिसत नाही.

योगायोग असा की हाच सबोनिस ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियानाच्या संघातून मुंबईत आला होता. वरळीच्या डोममध्ये भारतातील पहिले एनबीए सामने झाले ते इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांच्यातच. ज्या संघाविरुद्ध तो तिथे आला, त्याच संघाचा पुढे तो आधारस्तंभ झाला. असे असूनही आपल्याकडे त्याचे नाव घेणारे इतके कमी असावेत, याचे मला आश्चर्य वाटते.

थोडक्यात, दिग्रसच्या भाऊंनी ड्युरंटबद्दल जो मुद्दा मांडला तो झायनला कितीतरी अधिक लागू होतो, आणि २०२३ मध्ये सेंटरची हुकलेली जागा कोणाची, असे विचारले तर मी सबोनिस असेच उत्तर देईन.

धारणीकर

सर्वांचे आकडे वाचले, परंतु मूळ गृहीतकच मला मान्य नाही. ऑल-स्टार सामना हा प्रेक्षकांसाठी भरवलेला सोहळा आहे. एमव्हीपी निवडण्यासाठी पत्रकार आहेत, बचावपटूचा पुरस्कार वेगळा आहे, राखीव खेळाडू निवडण्याचा अधिकार प्रशिक्षकांकडे आहे. मग लोकांच्या हातात जी एक गोष्ट ठेवली आहे तिच्यातही गुणवत्तेचा तराजू कशाला?

सरांनी २००३ चा उल्लेख केला, पण वेस्टचे नाव घेण्याचे टाळले. त्या वर्षी पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या चीनच्या याओ मिंगने शकील ओ’नीलला मागे टाकून सेंटरची जागा मिळवली. याओची सरासरी १३.५ गुणांची आणि ओ’नीलची २७.५ गुणांची होती, शिवाय ओ’नीलचा लॉस एंजेलिस संघ सलग तीन विजेतेपदे मिळवून आलेला होता. त्या वर्षी चिनी भाषेतही मतदानाची सोय होती आणि मते भरभरून पडली. अनेकांनी नाके मुरडली. पण त्या मतदानामुळे चीनमधल्या किती घरांत हा खेळ पोहोचला असेल याचा विचार करा. आणि ज्याला लोकांनी ‘वेळेआधी’ निवडले तो पुढे खोटा ठरला का? तो आठ वेळा ऑल-स्टार झाला आणि २०१६ मध्ये त्याच ओ’नीलसोबत हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

बचावाबद्दल एवढेच म्हणतो की २०२३ च्या सामन्याचा निकाल १८४ विरुद्ध १७५ असा लागला आणि टेटमने एकट्याने विक्रमी ५५ गुण केले. जिथे कोणी कोणाला अडवतच नाही, तिथे गोबेर पहिल्या पाचात येऊन काय करणार होता?

आर्वीचे क्रीडाशिक्षक

धारणीकर, वेस्टचे नाव मी टाळले नव्हते. फायद्यांचे उदाहरण देऊन तोट्यांसाठी मी २००४ कडे वळलो, एवढेच. याओच्या निवडीला माझा विरोध नाही, कारण ओ’नील त्या हंगामाच्या सुरुवातीचे बारा सामने पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेमुळे खेळला नव्हता आणि राखीव म्हणून तो त्या सामन्यात आलाच.

मात्र ‘हा केवळ सोहळा आहे’ हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य नाही. तसे असते तर लीगने २०१७ मध्ये नियम बदललाच नसता. जॉर्जिया देशातील चाहत्यांच्या मतांच्या बळावर झाझा पाचुलिया हा साधारण दर्जाचा सेंटर २०१६ मध्ये पहिल्या पाचाच्या अगदी जवळ पोहोचला होता. पुढच्या वर्षी तो प्रेक्षकांच्या मतांत वेस्टच्या फ्रंटकोर्टमध्ये दुसरा आला, परंतु तोपर्यंत खेळाडू आणि पत्रकारांची मते जोडली जाऊ लागली होती आणि त्यामुळे तो अडला. याओ आणि पाचुलिया यांना एकाच पद्धतीने मते मिळाली, पण एकात पुढे जाण्याची क्षमता होती आणि दुसऱ्यात नव्हती, हे ओळखणारी कोणती तरी चाळणी हवीच. गावात सरपंच थेट लोकांतून निवडला गेला तरी ग्रामपंचायतीचा खर्च तपासणारा लेखापरीक्षक लागतोच, तसे हे आहे. शिवाय ऑल-स्टारची संख्या खेळाडूच्या नावापुढे आयुष्यभर लिहिली जाते. गोबेरच्या नावापुढे तीनच लिहिले जाईल आणि वीस वर्षांनंतर वाचणाऱ्याला तो सामना सोहळा होता की स्पर्धा, हे कोणी सांगणार नाही.

दिग्रसचा पाच नंबर

सर्वांचे आभार. सबोनिसचा मुद्दा मी संध्याकाळी मुलांपुढे मांडला आणि झायनचे २९ सामने ऐकून बरीच शांतता पसरली. तरीही ईस्टबद्दलचे माझे मत कायम आहे. एक गोष्ट या चर्चेत कोणीच सांगितली नाही. ड्युरंट आणि झायन दोघेही दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू शकले नाहीत आणि शेवटी एम्बिड बदली म्हणून पहिल्या पाचात उतरलाच. वेस्टच्या बाजूची मोकळी जागा मात्र सबोनिसला मिळाली नाही, ती युटाच्या लाउरी मार्कानेनला मिळाली, आणि सामनाही युटाच्याच मैदानावर होता. त्यामुळे हिंगणघाटच्या भाऊंचा राग मी समजू शकतो.

आमच्या मुलांना एम्बिडबद्दल विशेष जवळीक का वाटते, तेही सांगतो. तो कॅमेरूनमध्ये लहानाचा मोठा झाला आणि पंधराव्या वर्षापर्यंत व्हॉलीबॉल खेळत होता. आमच्याकडे गावोगावी व्हॉलीबॉलचे जाळे बांधलेले असते आणि बास्केटबॉलची रिंग क्वचित दिसते, त्यामुळे इतक्या उशिरा खेळ बदलूनही एवढी मजल मारता येते, ही गोष्ट त्यांना आकड्यांपेक्षा अधिक पटते. मतदानात हे येऊ नये, हे मला कळते. पण येते.

आता पुढचा मुद्दा. जागांची अट गेल्यामुळे एका कॉन्फरन्समधून दोन सेंटरही पहिल्या पाचात येऊ शकतात. हा नियम २०२५ मध्येच असता तर वेस्टमधून योकिचसोबत दुसरा सेंटर बसला असता का?

वेणा काठचा प्रेक्षक, हिंगणघाट

योकिचबद्दल वाद नाही. २०२४-२५ मध्ये २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट अशी सरासरी राखून तो संपूर्ण हंगामात ट्रिपल-डबलची, म्हणजे तिन्ही बाबतींत दोन अंकी, सरासरी राखणारा पहिला सेंटर ठरला. दुसऱ्या जागेसाठी मी सॅन अँटोनिओच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचे नाव घेईन. त्या वर्षी वेस्टमधून फ्रंटकोर्टच्या इतर दोन जागा लेब्रॉन आणि ड्युरंट यांना मिळाल्या आणि वेम्बान्यामा राखीव राहिला. त्याची सरासरी २४.३ गुण, ११ रिबाउंड आणि ३.८ ब्लॉक अशी होती. लेब्रॉनची सरासरीही २४.४ गुणांचीच होती, आणि रिंगसमोर वेम्बान्यामा जे अडवतो ते त्याच्या हिशेबात वेगळे धरावे लागते. तो त्या हंगामात ४६ सामनेच खेळला, असा आक्षेप कोणी घेईल, परंतु खांद्यातील रक्ताच्या गाठीमुळे तो बाहेर पडला तो ऑल-स्टार सामन्यानंतर. मतदान संपले त्या जानेवारीत तो खेळत होता, आणि मत त्या दिवसापर्यंतच्या खेळावर द्यायचे असते. झायनला मी जो नियम लावला तोच इथेही लावतो, म्हणून लेब्रॉनच्या जागी माझे मत वेम्बान्यामाला.